अर्ध्या बातमीचा उन्हाळा

आज दुपारी कूलरमधून धुराचा वास आला. कूलरला नवा वाळा लावून फार दिवस झाले नाहीत. त्याचा तो ओला, मातकट, गोडसर वास अजून ताजा आहे, आणि त्याच्याच पोटातून हा दुसरा वास निघाला. वाळल्या गवताचा, काडीकचऱ्याचा. मी पडल्या जागी ओळखलं, कोणीतरी धुरा पेटवला. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. कापूस बाजारात गेला, पऱ्हाटी उपटून झाली, तूर घरात आली, की चैत्र-वैशाखात लोक या धुऱ्यांवरचं वाळलेलं गवत पेटवून देतात. एक काडी ओढायची आणि बाभळीखाली जाऊन बसायचं. आग आपली आपण चालत जाते. संध्याकाळी आर्वीच्या एस्टीतून येताना बघावं, तर सगळ्या शिवारावर कोणी कोळशानं रेघा मारून ठेवल्यासारखं दिसतं.

हा वास आला की मला पडवत नाही. उठते, माठातलं पाणी पिते, दारात येते, ऊन बघून परत आत जाते, टीव्ही लावते. टीव्हीवर खालून लाल पट्टी पळत असते. पृथ्वी तापली, बर्फ वितळला, जगबुडी दाराशी आली. तो टायवाला मुलगा इतक्या तावातावानं सांगतो की वाटतं आता ह्याच्या मागून पाणी येणार. आणि मग लगेच थंड्या बाटलीची जाहिरात. मी त्याला म्हणते, बाबा रे, पुढचं सांग. बर्फ कोणी वितळवला, आम्ही काय करायचं, ते सांग. तो पुढचं सांगत नाही. कधीच सांगत नाही.

अर्ध्या बातम्यांशी माझी ओळख मात्र जुनी आहे. मी शिकले सातवीपर्यंत. लग्न होऊन या गावात, रोहण्याच्या अलीकडे, किराणा दुकानात आले, आणि माझं पुढचं सगळं शिक्षण रद्दीवर झालं. तेव्हा जिरं म्हणू नका, मोहरी म्हणू नका, चहापत्ती, हळद, सगळं रद्दीच्या कागदात बांधून जायचं. पुड्या करायचं काम माझं. आणि कागद फाडायच्या आधी वाचायचा, ही माझी खोड. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी आपली कुठल्या तरी देशातल्या भूकंपात. आमचे हे गल्ल्यावरून म्हणायचे, "तू पुड्या बांधून राह्यली का परीक्षेले बसून राह्यली?"

रद्दीतली विद्या अर्धीच असते हो. बातमी रंगात आली की खाली लिहिलेलं असतं, उर्वरित मजकूर पान सातवर. आणि पान सात तर सकाळीच कोणाच्या तरी घरी हळदीसोबत गेलेलं. पृथ्वीभोवती काही वायूंचं आवरण आहे, ते दाट होत चाललंय, त्यानं उष्णता आत कोंडते, हे मी पहिल्यांदा वाचलं ते असंच. नव्वद सालानंतरची गोष्ट असेल. कागद तिथंच फाटलेला होता. पुढं काय? कोण दाट करतंय? कमी करता येतं का? मी त्या गठ्ठ्यातले सगळे कागद उलटेपालटे केले. नाही सापडलं. किती दिवस स्वयंपाक करताना माझं लक्ष चुलीच्या धुराकडं. हा धूर जातो कुठं, हा प्रश्न मला त्याआधी पडलाच नव्हता.

तेव्हापासून असे कागद मी बिस्किटाच्या डब्यात जमवायला लागले. डबा भरला, दुसरा घेतला. दोन हजार सालच्या पुढची सुरुवातीची वर्षं. गावच्या हायस्कुलात विज्ञानाचे नवे सर आले होते. एकटेच राहायचे, सामान आमच्याकडूनच न्यायचे. एकदा त्यांनी डबा बघितला आणि कागद चाळत चाळत तिथंच पोत्यावर बसले. म्हणाले, "काकू, शनिवारचा एक तास घ्या नं. हरितगृह वायू पुस्तकात आले, पण दोन पानांत आले. पोरं पेपर वाचत नाहीत. तुम्ही वाचून दाखवा, समजवायचं मी बघतो."

मी नाही म्हटलं. मग आठवडाभर मनातल्या मनात तास घेत राहिले. मग हो म्हटलं.

पहिल्याच शनिवारी माझी फजिती झाली. मोठ्या गंभीर आवाजात मी वाचलं, की समुद्राची पातळी वाढेल आणि किनाऱ्यावरची गावं पाण्याखाली जातील. मागच्या बाकावरचं एक पोट्टं उभं राहिलं.

"काकू, समुद्र आर्वीपर्यंत येईन का?"

"आला तं पोहाले शिका लागन," दुसरा म्हणाला.

"अन् मासोळी सस्ती होईन."

सगळा वर्ग खूश. आमच्या मुलुखात समुद्र कोणी बघितलेला? त्यांना वाटलं, चला, सरकार धरण देतं तसा कोणी समुद्र देऊन राहिला. मी भीती घालायला गेले होते, पोट्टे पोहायला निघाले. तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीनं हळूच विचारलं, "काकू, ज्याच्या घरापाशी समुद्र आहे, तो पन हासत असन का?"

उभं राहिलेलं पोट्टं खाली बसलं. ती सुजाता. बौद्धपुऱ्यातल्या देवरावची मुलगी. दहावीत होती. बोलायची कमी, पण बोलली की मला घरी जाऊनही ते पुरायचं.

तो हिवाळा आमचा फार चांगला गेला. दुकानातून पेपरमिंटच्या दोन रिकाम्या बरण्या मी शाळेत नेल्या. एकीला झाकण, एक उघडी. दोन्ही उन्हात ठेवल्या, सरांनी आत तापमापी ठेवल्या. झाकणाची बरणी जास्त तापली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. सुजाता बरणीभोवती फिरली आणि म्हणाली, "बरनीले झाकन आहे. पृथ्वीले कोठं आहे झाकन?"

मी सरांकडं बघितलं. सर हसले. म्हणाले, "बरोबर विचारलंस. बरणी नुसती समजायला आहे. झाकण नाही, गोधडी म्हण. हवेतल्या काही वायूंची गोधडी. ती नसती तर आपण थंडीनं मेलो असतो. पण तिच्यावर रोज नवं फडकं शिवत गेलं तर?"

"मंग गोधडी वाईट नाई," सुजाता म्हणाली. "ठिगळं कोन लावून राह्यलं, ते पाहा लागन."

पुढच्या शनिवारी तिनं माझ्याच डब्यातला एक कागद वर्गाला दाखवला. वरच्या अर्ध्या पानात जग तापल्याची बातमी. खालच्या अर्ध्या पानात नव्या चारचाकीची रंगीत जाहिरात. ती म्हणाली, "वरून गोधडीले शिव्या देते अन् खालून ठिगळ विकते." त्या कागदात मी स्वतः कितीदा घडी घातली होती, पण मधली रेघ ओलांडून वरचं आणि खालचं एकत्र वाचावं, हे मला सुचलं नव्हतं.

आणि ती गवताची गोष्ट. एक पोरगा बोलून गेला, आमच्या धुऱ्याच्या धुरानंही जग तापत असेल. सुजाता आठवडाभर ते घेऊन बसली असावी. आली आणि म्हणाली, "सर, गवत जळलं तं पावसात वापस येते. वाढताना तो धुरातला वायू वापस घेत असन नं?"

"बराचसा घेतं."

"अन् कोळसा? मी सिंदीले मावशीकडं गेलती तवा कोळशाच्या मालगाड्या पाह्यल्या. सरतच नाई त्या. तो कोळसा जळला तं वापस येते का?"

"नाही," सर म्हणाले. "तो यायला कोट्यवधी वर्षं लागली. जाळायला एक दिवस."

ती खाली बसली. वहीत काही लिहिलं नाही तिनं. नुसती खिडकीतून बाहेर बघत राहिली, तिकडं काहीतरी फार लांबचं जात असल्यासारखी.

दहावीची परीक्षा मार्चात झाली आणि मग तो उन्हाळा लागला. कसा होता म्हणून सांगू. झळा सकाळीच सुरू व्हायच्या. कावळे चोच उघडी टाकून नळाखाली बसायचे. दुपारी वीज गेली, की सगळ्या घरातले कूलर एकदम गप्प व्हायचे. ती शांतता मला अजून आठवते. गाव जणू श्वास धरून बसलेलं. मग एकेक दार उघडायचं, ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन माणसं लिंबाखाली येऊन बसायची, आणि कोणीतरी म्हणायचंच, औंदा जास्त आहे. दरवर्षी कोणीतरी म्हणतं. पण आता मी ते ऐकलं की मला डब्यातले कागद आठवायचे. हे नेहमीचं ऊन की ते दुसरं? ओळखायचं कसं? अंगाला तर दोन्ही सारखीच लागतात.

एप्रिलात वसुंधरा दिनाचा कार्यक्रम आर्वीला होता. सरांनी सुजाताचं नाव दिलं. मी, सर आणि ती, एस्टीनं गेलो. टिनाच्या छताचं सभागृह, पंखे गरम हवा इकडची तिकडं करत होते. पाहुणे उशिरा आले आणि लांबलचक बोलले. मग सुजाता उठली. हातात कागद नाही. ती म्हणाली, धुरे जाळू नये, कारण त्यात आपलीच गांडुळं जळतात, आपोआप उगवलेली लिंबाची रोपं जळतात, तितराची अंडी जळतात. ते आपलं नुकसान आहे, म्हणून थांबवावं. पण जग तापण्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारू नये. गवत परत येतं. कोळसा परत येत नाही. ज्यांनी जास्त कोळसा जाळला, ज्यांच्या गाड्या जास्त धावतात, त्यांना आधी विचारावं.

एवढंच. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. पेपरचा वार्ताहर पुढं बसला होता, आर्वीत त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यानं तिचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, गावाचं विचारलं. परतीच्या एस्टीत तिनं मला विचारलं, "काकू, माह्या मायले दाखवाले एक पेपर ठेवाल?" मी म्हटलं, एक काय, दोन ठेवते.

बातमी आली. ठळक अक्षरात. 'धुरे जाळणारे शेतकरीच तापमानवाढीला जबाबदार.' खाली लहान अक्षरात, विद्यार्थिनीने सुनावले. मग तिचं नाव, देवरावचं नाव, गावाचं नाव. जे नको ते सगळं बरोबर छापलं होतं. गवताचं एक अक्षर नाही. कोळशाचं नाही. बातमीच्या खाली एसीची जाहिरात, बातमीपेक्षा मोठी.

आमच्याकडं पेपर वाचला जातो तो पानठेल्यावर. एक वाचतो, दहा ऐकतात. त्या सकाळी काय झालं, ते मला दुकानात बसून ऐकू येत होतं.

"आमी जग जाळून राह्यलो म्हनते."

"बापाले धड बैलजोडी नाई अन् पोट्टी पृथ्वी सांभाळून राह्यली."

"आता तिकडून शिकवतीन आपल्याले, धुरा कसा ठेवाचा तं."

'तिकडून' या शब्दाचा अर्थ गावात कोणाला समजावून द्यावा लागत नाही. बोलले होते नथ्थूजी. माणूस दुष्ट नव्हता. पण देवरावचं शेत त्यांच्या शेताच्या मागं, आणि देवरावची बैलगाडी नथ्थूजींच्या शेतातून जायची. नकाशात तो रस्ता नव्हता. वडिलांपासूनची वहिवाट, बस. त्या संध्याकाळी नथ्थूजींनी तिथं बोरीच्या काट्या टाकल्या. देवराव विचारायला गेला, तर म्हणाले, "पोरीले विचार, गाडी गेली तं पृथ्वी तापते का."

मे लागला होता. शेणखत शेतात टाकायचे दिवस. उकिरड्यावर खत पडून, गाडी दारात उभी, आणि मिरगाचा पाऊस तोंडावर आलेला. देवराव दुकानात आला. तराजूची साखळी धरून उभा.

"काकू, पोरीचं बोलनं पेपरात आलं अन् माहं तोंड गावात बंद झालं."

"ती तसं बोललीच नाही, देवरावदादा. मी होते तिथं."

"तुमी होत्या. गाव नोतं." साखळी सोडून तो म्हणाला, "अकरावीले आर्वीले जाच म्हने. सायन्स घेतो म्हने. मी म्हनलं, बस झालं शिकनं. वावरात चाल."

ते मला लागलं. उन्हापेक्षा जास्त लागलं. एका मुलीनं पूर्ण बोललेलं अर्धं छापलं गेलं, आणि आता तिचं शिक्षणही अर्ध्यावर फाटणार. सर उन्हाळी सुटीत आपल्या गावी गेले होते, म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवशी मीच आर्वीला गेले, त्या झेरॉक्सच्या दुकानात. तो वार्ताहर वाईट नव्हता हो. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काकू, मी सगळं लिहून धाडलं होतं. कोळसा बी लिहिला होता. तिकडं मोठ्या हापिसात जागा नसली की खालून कापतात."

"मग वरचं मथळ्याचं?"

"मथळा आमी नाई देत. तो बी तिकडं."

"मग खुलासा छापा."

"धाडतो. पन आता कोन छापते, काकू? जुनी झाली ती बातमी."

जुनी झाली. आणि इकडं काट्या अजून हिरव्याच होत्या. एस्टीच्या खिडकीतून झळ येत होती, मी डोळे मिटून बसले आणि विचार करत राहिले, की आयुष्यभर मी जे फाटके कागद वाचले, त्यातला प्रत्येक कागद असाच कोणाचं तरी खालचं वाक्य कापून आला असेल. कोण होती ती माणसं? त्यांच्या गावात कोणी काट्या टाकल्या?

नवतपा लागला, मे अखेरीचे ते भाजून काढणारे नऊ दिवस. त्या दिवसांत माणूस कामाचा राहत नाही. सुजाता दुपारी दुकानात येऊन बसायची. शेतात खत जात नव्हतं, घरात बाप बोलत नव्हता. दर उन्हाळ्यात दोन-चार मुली पुड्या करायला यायच्या, तशी ती आली असं आम्ही धरून चाललो. बोलायची नाही. कागद कापायची. कूलर बंद पडला की तिच्या कात्रीचा आवाज तेवढा.

अशात आर्वीहून रद्दी आली. न विकलेले अंक रद्दीत येतात, एकाच दिवसाचे, कोरे, न उलगडलेले. सुजातानं सुतळी सोडली आणि तिचा हात थांबला. मी वाकून बघितलं. तीच बातमी. एकावर एक, एकावर एक, ढीगभर. तिचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव.

मी म्हटलं, "दे इकडं. चुलीत घालते."

"नोको," ती म्हणाली. थोडा वेळ तिनं नुसता पानांवर हात ठेवला. मग म्हणाली, "काकू, बॉलपेन आहे का?"

आणि तिनं पहिल्या पानाच्या कोऱ्या कडेवर, बातमीच्या अगदी शेजारी, लिहिलं: 'गवत परत येते, कोळसा परत येत नाही. हे पण मी बोलले होते. ते छापले नाही. सुजाता देवराव.' दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर तेच. अक्षर सुरेख होतं तिचं, घाई नव्हती.

आमचे हे म्हणाले, "शाई साखरेले लागन."

"आत नाही लागणार," मी म्हटलं. पुडी बांधायची एक रीत असते. कागदाची कड आत घेतली की ती मालाला लागते, पुडीच्या तोंडाशी बाहेर ठेवली की शेवटी ती दुमडून वर येते, आणि घरी गेल्यावर पुडी उघडायला हात पहिल्यांदा तिथंच लागतो. आयुष्यभर मी कड आत घ्यायचे, दिसायला बरी दिसते म्हणून. त्या दिवशी मी सुजाताला उलटी बांधायला शिकवली. ती लिहायची, मी गुंडाळायचे. जिरं, मोहरी, मिरची, चहापत्ती, जे मागेल त्याला तिच्याच बातमीत बांधून दिलं. वाक्य वर.

पेपर पानठेल्यावर जातो, पुडी चुलीपर्यंत जाते. दोन दिवसांत बायका विचारायला लागल्या. एकीनं नातीकडून वाचून घेतलं होतं. एक म्हणाली, "सेठानी, आजकाल जिऱ्यासंगं भाषन फुकट भेटते का?" मी म्हटलं, "औंदा स्कीम आहे." हसल्या. पण एक म्हातारी निघता निघता म्हणाली, "असं बोलली होती का ते पोट्टी. मंग बरोबर बोलली." आणि गेली.

नथ्थूजी आले ते भर दुपारी. हातात कागद, चहापत्ती कुठंतरी ओतून मोकळा केलेला. सुजाता तराजूमागं बसली होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याशी बोलले.

"सेठानी, हे काय लिहून देऊन राह्यले?"

"वाचलं का?"

"चष्मा नाई. नातवानं वाचलं. तिले विचारा, हे बोलली होती तं पेपरात काऊन नाई आलं?"

"खालून कापलं," सुजाता म्हणाली.

"तिले विचारा, कोनं कापलं?"

"ज्याच्या हाती कात्री होती त्यानं, काका. मी पाह्यलं नाई त्याले."

नथ्थूजींनी कागद उलटा केला, सुलटा केला. "पेपरवाले वरचं छापतीन अन् खालचं आमी चायपत्तीत शोधाचं का?" मग जरा थांबून, "मंग तिले विचारा, धुरा जाळू का नको जाळू?"

"तुमचा धुरा आहे, काका," ती म्हणाली. "जाळा. पन काडी लावाच्या आधी एक चक्कर मारा. बाभळीच्या बुडाशी तितर बसते अंड्यावर. तेवढं सोडा."

आता त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "माह्या धुऱ्यावर तितर कोठं बसते, तुले काय मालूम?"

"दरसाल बसते. गाडीवरून जाताना दिसे. आता तिकून जानं नाई."

 आमच्या ह्यांनी गल्ल्याचं झाकण उगाच उघडलं आणि लावलं. नथ्थूजी म्हणाले, "बिडीचा कट्टा द्या." मी दिला. "अन् काडेपेटी." मी काडेपेटीही दिली. ते गेले. सुजाता पुन्हा लिहायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्या दिशेनं धूर दिसला. जाळला धुरा त्यांनी. मी दारात उभी राहून तिकडंच बघत होते. ऊन उतरल्यावर मला राहवलं नाही, डोक्यावर पदर घेऊन मी तिकडं निघाले. सगळा धुरा काळा, राख अजून गरम, पायाला कळत होती. आणि बाभळीच्या बुडाशी, दोन खाटा मावतील एवढा, पिवळा गवताचा तुकडा उभा होता. त्याच्याभोवती कोणीतरी ओली माती टाकून आग अडवली होती. मी जवळ गेले नाही. आत कोणी बसलं होतं की नाही, मला माहीत नाही. रस्त्यावरच्या काट्या तिथंच होत्या. काढल्या नव्हत्या. पण सरकवल्या होत्या. एक गाडी जाईल एवढ्या.

देवरावची खताची गाडी दुसऱ्या सकाळी दुकानासमोरून गेली. त्यानं वळून बघितलं नाही. बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत गेल्या. सुजाताच्या शिक्षणाचं तो काही बोलला नाही, आणि मी विचारायची हिंमत केली नाही. नवतपा सरला, ढग येऊन नुसते बघून गेले, दहावीचा निकाल लागला. तिचा चांगला लागला. तरी देवराव गप्प. मला तर घास गोड लागेना.

मग एका संध्याकाळी तो आला. खांद्यावर बियाण्याची पिशवी होती, ती खाली ठेवली.

"काकू, आर्वीची पहिली एस्टी किती वाजता लागते?"

गावातल्या लहान पोराला ती वेळ ठाऊक. ती गाडी आली की आम्ही दुकान उघडतो. देवराव जन्मभर तिच्याच आवाजानं उठत आलेला. पण मी त्याला नीट, सावकाश वेळ सांगितली. त्यानं मान हलवली, जणू नवीन काही कळलं, पिशवी उचलली आणि गेला.

आता आमच्या दुकानात पन्नी आली आहे, प्लॅस्टिकची पिशवी. जिरं पन्नीत, साखर पन्नीत. मशीनवर तोंड बंद होऊन येते. काम सोपं झालं, सगळे म्हणतात. पन्नी मी उलटसुलट करून बघते. वाचायला काही नसतं, आणि लिहायला कड नसते. नथ्थूजी गेले. त्यांचा मुलगा ट्रॅक्टरनं धुरा कोरतो, रुंदीला कमी करतो, उरलेला पेटवतो. ती बाभूळ आहे की तोडली, ह्या वर्षी मी जाऊन बघितलेलं नाही. बघायचं धाडस होत नाही म्हणा.

आणि ऊन. औंदा जास्त आहे. मीही म्हणायला लागले आता.

सुजाता सिंदीकडं एका शाळेत विज्ञान शिकवते. आज कूलरमधून तो वास आला आणि मी उठून तिला फोन लावला. म्हटलं, टीव्हीवर तो ओरडून राहिला, खरं किती आणि जाहिरात किती, सांग बाई. ती हसली. म्हणाली, "माह्या वर्गातले पोट्टे बी हेच विचारतात. मी त्याईले म्हनते, जेवढं वाचलं त्याच्या खाली काय होतं, ते शोधा. अन् काकू, खरं सांगू का, मले जे वाटते..."

तेवढ्यात तिच्याकडून मालगाडी जायला लागली. शाळा रुळाजवळच आहे. नेहमी असंच होतं. गाडी आली की काही ऐकू येत नाही, मग आम्ही दोघी फोन कानाला धरून गप्प राहतो. डबे मोजायचा नाद मी कधीच सोडला. खड्-खड्, खड्-खड्, डब्यामागून डबा, काळ्या कोळशानं भरलेला, कुठूनतरी कुठंतरी. माझ्या इथं धुराचा वास, तिच्या तिथं तो आवाज. आजची गाडी फारच लांब होती. वाटलं, सरणारच नाही.

सरली. थोडा वेळ नुसती शांतता, आणि मग तिचा आवाज.

"हं, काकू. अर्धं राह्यलं होतं. ऐका."